वेदना ही नोटीस आहे



युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढीबद्दल आणि बोनसबद्दल बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते पिळदार शरीर कमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या औषधांबद्दल, आणि ती औषधे चालू असताना होणाऱ्या दुखापतींबद्दल. हा विषय वैद्यांचा, यात युनियनवाल्याने का पडावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर सरळ आहे. आज आमच्याकडे सभासद म्हणून जी तरुण मुले येतात, त्यांतली कितीतरी जिममध्ये व्यायाम शिकवतात, हॉटेलांच्या दारावर उभी राहतात, कोणाचे अंगरक्षक होतात. या मुलांचे हत्यार म्हणजे त्यांचे शरीर. लोहाराच्या हातोड्याला तडा गेला तर तो दुसरा हातोडा आणतो. या मुलांच्या खांद्याला तडा गेला तर दुसरा खांदा कोठून आणायचा? आणि खांदा गेला की त्या दिवसापासून पगारही गेला. तेव्हा हा प्रश्न वैद्यांचा जितका आहे, तितकाच कामगारांचाही आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. स्टेरॉइड हा शब्द दोन निरनिराळ्या औषधांना लावला जातो. दमेकऱ्याला, संधिवाताच्या रोग्याला डॉक्टर जे देतात ते एक स्टेरॉइड. ते सूज उतरवते, आणि फार दिवस घेतले तर स्नायू झिजवते. जिममध्ये चालते ते दुसरे. ते पुरुषाच्या शरीरात जे टेस्टोस्टेरॉन असते त्याच्या जातीचे, स्नायू वाढवणारे. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले १९३५ साली, आणि त्या सुमाराच्या संशोधनाबद्दल बुटेनांट आणि रुझिका या दोघा शास्त्रज्ञांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५८ साली सीबा कंपनीने डायनाबॉल नावाची गोळी अमेरिकेत बाजारात आणली. झीग्लर नावाचे एक डॉक्टर तिथल्या वजन उचलणाऱ्या खेळाडूंना ती देऊ लागले, आणि खेळाडूंनी डॉक्टरांच्या मापाला न जुमानता मुठीमुठीने ती खाल्ली. हे पाहून झीग्लरना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. पण बाटलीतून सुटलेले भूत पुन्हा बाटलीत शिरत नाही.

आपल्याकडची जुनी तालीम यापूर्वीची. जोर, बैठका, मलखांब, जोडी आणि लाल माती, हे तिचे भांडवल. बंगालचे मनोहर आईच यांनी १९५२ साली आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स हा किताब मिळवला, तो डायनाबॉल बाजारात येण्याच्या सहा वर्षे आधी. इंग्रजांच्या तुरुंगात असताना त्यांनी तासन्‌तास व्यायाम केला होता. ते २०१६ साली वारले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती. म्हणजे शरीर कमावायला वेळ लागतो, पण वेळ देऊन कमावलेले शरीर साथही देते.

आता वेळ द्यायला कोणी तयार नाही. मुले ज्याला सायकल म्हणतात, ती दोन चाकांची नव्हे. काही आठवडे इंजेक्शने आणि गोळ्या घ्यायच्या, मग काही आठवडे थांबायचे, पुन्हा सुरू करायचे, या फेऱ्याला ते सायकल म्हणतात. हे औषध लागू पडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. खोटे बोलून कोणाचे भले होत नाही, आणि मुलांना खोटे ताबडतोब कळते. १९९६ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले. ज्यांनी काडीचाही व्यायाम केला नाही, त्यांचेही चरबी सोडून वजन सरासरी सुमारे तीन किलोंनी वाढले. ज्यांनी व्यायामही केला, त्यांचे सहा किलोंनी. तेव्हा औषध लागू पडते. पण ते कोणाला लागू पडते आणि कोणाला पडत नाही, इथेच सगळी गोम आहे.

स्नायू हाडाला जिथे चिकटतो, तिथे एक पांढरी, चिवट दोरी असते. तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या मागे चिमटीत धरली की कडक लागते, ती शरीरातली सर्वांत जाड कंडरा. तशीच एक कोपराच्या खोबणीत, एक गुडघ्याच्या वाटीवर, एक छाती आणि दंड यांच्या मध्ये. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून तो आठवड्यांत वाढतो. कंडरेला रक्त बेताचे, म्हणून ती महिन्यांच्या हिशेबाने बळकट होते. औषध स्नायूला पळवते, पण कंडरेला त्या वेगाने पळवत नाही. उलट या औषधाने ती अधिक ताठर होते, असे जनावरांवरच्या काही प्रयोगांत दिसून आले आहे.

कारखान्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. पाच टनांच्या क्रेनला दहा टनांची मोटर बसवली आणि तारेचा दोर, हूक तेच जुने ठेवले, तर काय होईल? मोटर गुरगुरत ओझे उचलील, बघणारे टाळ्या वाजवतील, आणि एके दिवशी दोर तुटेल. दोष ओझ्याचा नाही, दोराचाही नाही. ज्याने मोटर बदलताना दोराकडे पाहिले नाही, त्याचा तो दोष.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. २०१५ साली अमेरिकेत शरीरसौष्ठवाचा व्यायाम करणाऱ्या १४२ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८८ जणांनी दीर्घकाळ ही औषधे घेतलेली होती, ५४ जणांनी घेतलेली नव्हती. औषध घेणाऱ्यांत १९ जणांची, म्हणजे शेकडा २२ जणांची, कधी ना कधी कंडरा तुटलेली होती. न घेणाऱ्यांत तिघांची, म्हणजे शेकडा ६ जणांची. आणि खांदा, छाती, दंड या वरच्या अंगातली कंडरा तुटलेला प्रत्येक माणूस औषध घेणाऱ्यांतलाच निघाला. न घेणाऱ्यांत तसा एकही नव्हता.

पण दोर तुटण्यापूर्वी कुरकुरतो. कंडराही कुरकुरते. सकाळी उठल्यावर कोपर आखडलेले असते, पहिल्या चार-दोन उचलींना खांद्यात कळ येते, अंग तापले की ती थांबते, रात्री पुन्हा ठसठसते. ही वेदना म्हणजे शरीराने बजावलेली नोटीस आहे. युनियनने नोटीस दिली आणि मालकाने ती वाचून चर्चेला बोलावले, तर संप टळतो. मालकाने नोटीस फाडून टोपलीत टाकली, तर काय होते ते मुंबईला १९२८ सालापासून ठाऊक आहे. दोन साच्यांच्या विणकराला तीन साचे सांभाळायला लावण्याची योजना गिरणीमालकांनी आणली, कामगारांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, आणि गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. शरीरही असेच सहा महिने बंद पडते, आणि त्या संपात तडजोड होत नाही.

ही नोटीस फाडण्याची साधने आज जिममध्ये सहज मिळतात, आणि त्यांचा धोका स्टेरॉइडइतकाच आहे. पहिले साधन वेदनाशामक गोळी. ती खाऊन मुले दुखऱ्या खांद्याने तेच वजन उचलतात. कळ जाते, जखम जात नाही. शिवाय या गोळ्या मूत्रपिंडावर आणि रक्तदाबावर भार टाकतात, आणि तोंडाने घेण्याची स्टेरॉइडे यकृतावर. एकाच बैलाला दोन गाड्या जुंपण्याचा हा प्रकार. दुसरे साधन मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब उतरला तर भूल देणारे डॉक्टर ते वापरतात. आमची मुले ते थकवा मारण्यासाठी टोचून घेतात. थकवा हीसुद्धा नोटीसच. ती मारली की हृदय फरफटत जाते. तिसरे साधन म्हणजे दुखऱ्या जागी सूज उतरवणाऱ्या, त्या दुसऱ्या जातीच्या स्टेरॉइडचे इंजेक्शन. जाणता डॉक्टर ते विचार करून देतो आणि पुढे विश्रांती सांगतो. पण विश्रांती न घेता ते वरचेवर घेतले, तर कंडरा आणखी कमकुवत होते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली, की आपण दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी आणतो. त्या जातीच्या गोळ्यांनीही कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ साली तसा ठळक इशारा त्यांच्या वेष्टनावर छापायला लावला. जो मुलगा जड वजन उचलतो, त्याने डॉक्टरला आपला व्यायाम सांगून मगच ती घ्यावी.

आता प्रत्यक्ष दुखापत झाली, तर काय करावे? आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडे बसून, विचारून, वाचून जे पक्के कळले तेवढेच सांगतो.

कंडरा पूर्ण तुटते तेव्हा बहुधा कापड फाटल्यासारखा, नाहीतर काडी मोडल्यासारखा आवाज होतो. कोपराजवळची तुटली तर दंडाची बेटकुळी खांद्याकडे सरकून गोळा होते आणि कोपराच्या खोबणीत पोकळी लागते. छातीची तुटली, आणि ती बहुतेक वेळा बेंच प्रेस करताना वजन खाली येते त्या क्षणी तुटते, तर काखेच्या पुढची कड नाहीशी होते. थोड्या वेळाने कातडी काळीनिळी पडते. अशा वेळी वजन तिथेच ठेवावे. हात झोळीत घ्यावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. तेल चोळू नये, शेकू नये, मालीश करणाऱ्याकडे ओढून घेऊ नये. आणि दोन-तीन दिवसांच्या आत हाडांच्या डॉक्टरकडे जावे. ही घाई अशासाठी की तुटलेली कंडरा रबरासारखी आत ओढली जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा हाडाला शिवणे सोपे असते. महिने लोटले की तेच काम अवघड होते, कधी दुसरीकडची कंडरा आणून जोड द्यावा लागतो. शिवल्यानंतर जड वजनाला हात लावायला साधारण चार ते सहा महिने जातात. कोणी दीड महिन्यात तयार करून देतो म्हणाला, तर त्याच्या दारातूनच परतावे.

कंडरा तुटली नाही, नुसती दुखते आहे, तर खाटेवर पडून राहणे हाही उपाय नव्हे. भार कमी करावा, हालचाल संथ करावी, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तो भार थोडा थोडा वाढवावा. कसोटी साधी आहे: आजच्या व्यायामानंतर उद्या सकाळचे दुखणे कालच्यापेक्षा वाढले, तर आजचा भार जास्त झाला. याला तीन-तीन महिने लागतात. शेतात पीक यायला लागतात तितकेच.

आणि सायकलचे काय? मुलांचा पक्का समज असा की औषध चालू ठेवले तर जखम लवकर भरते, आणि मध्येच सोडले तर केलेली मेहनत वाया जाते. हा समज घातक आहे. औषध स्नायूची जाडी टिकवते, म्हणून आरशात सगळे ठीक दिसते. पण आतली दोरी आपल्याच चालीने भरते. दोरी अर्धी भरलेली आणि स्नायू पूर्ण ताकदीचा, या अवस्थेत माणूस पुन्हा वजनाखाली जातो आणि दुसऱ्यांदा तोडून घेतो. दुखापत झाली की औषध वाढवायचे नाही, नवे जोडायचे नाही, ते सोडायचे. मात्र बरेच महिने घेत आलेल्याने डॉक्टरच्या सल्ल्याने सोडावे. कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन येत राहिले की शरीर स्वतःचे उत्पादन बंद करते. ते पुन्हा सुरू व्हायला महिने लागू शकतात. त्या काळात अंगात त्राण राहत नाही, मन खचते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारसुद्धा येतात. हात झोळीत, नोकरी गेलेली आणि मन असे खचलेले, अशा मुलाला घरच्यांनी एकटे सोडू नये. तो आळशी झाला असे म्हणू नये. त्याला हॉर्मोनच्या डॉक्टरकडे न्यावे.

डॉक्टरपासून काही लपवू नये. या औषधांनी रक्त दाट होते, रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. असा माणूस ऑपरेशननंतर पडून राहिला तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. भूल देणाऱ्याला हे आधी कळले, तर तो काळजी घेईल. न कळले तर तो अंधारात हात घालतो. तसेच टोचल्या जागी लाली, गरमपणा आणि ताप आला, तर तो व्यायामाचा ठणका नव्हे, आत पू झाला आहे. आणि एकाच्या सुईने दुसऱ्याने टोचून घेतले, तर कावीळ आणि एड्सचे विषाणू आयते घरी येतात.

बंधुभगिनींनो, मुले हे का लपवतात? कारण ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकायला बंदी आहे, आणि घरी सांगायची लाज आहे. त्यामुळे ज्याने औषध विकले तोच दुखापतीचा वैद्य होतो, आणि त्याचा उपाय म्हणजे दुसरी बाटली. आमच्या कचेरीत एक सभासद आला होता. रात्रपाळीला हॉटेलच्या दारावर उभा राहणारा. कोपराची कंडरा तुटून त्याला तीन महिने झाले होते. "कोणाला सांगितले नाहीस का रे?" असे विचारले, तर म्हणाला, "साहेब, आजारी म्हटले तर नोकरी जाते, आणि औषधाचे म्हटले तर अब्रू." या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. जिथे आजारपणाची भरपगारी रजा नाही, जिथे शिकवणाऱ्याचा पगार किती मुलांना डबे आणि बाटल्या विकल्या यावर ठरतो, तिथे निव्वळ उपदेशाने काय होणार?

मालक जेव्हा शरीरालाच यंत्र समजतो, तेव्हा काय होते, याचे उदाहरण पूर्व जर्मनीने घालून दिले. तिथे १९७४ पासून खुद्द सरकारने योजना आखून हजारो खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलीही, टुरिनाबॉल नावाच्या निळ्या गोळ्या चारल्या. पुष्कळांना सांगितले की हे जीवनसत्त्व आहे. गोळाफेकीत १९८६ साली युरोपचे अजिंक्यपद मिळवणारी हायडी क्रीगर त्यांतलीच. पुढे १९९७ साली शस्त्रक्रिया करून घेऊन आंद्रेआस क्रीगर या नावाने पुरुष म्हणून जगू लागलेल्या या खेळाडूने सांगितले आहे की, औषधाच्या जोरावर उचललेल्या अवजड वजनांनी कंबरेचे सांधे आणि मांड्या इतक्या दुखतात की हलका व्यायामच तेवढा झेपतो. २००० साली बर्लिनच्या न्यायालयात त्या योजनेचे सूत्रधार दोषी ठरले. जर्मन संसदेने २००२ आणि २०१६ साली कायदे करून पीडितांना मदत दिली, माणशी साधारण साडेदहा हजार युरो. पदक राज्याने मिरवले, आणि सांधे ज्याचे त्याला राहिले. आणि ही मदतसुद्धा केव्हा मिळाली? पीडितांनी लाज सोडून, नावानिशी उभे राहून साक्ष दिली तेव्हा.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. कारखान्यात पूर्वी बोट तुटले तरी मालक म्हणे, घरी जा आणि गप्प बस. १९४८ च्या कारखाने कायद्याने अपघाताची खबर सरकारी निरीक्षकाला देणे मालकावर बंधनकारक केले. पुढे कायदे बदलले, पण तत्त्व तेच राहिले: अपघात लिहिला गेला की तो टाळता येतो, लपवला की दुसरा होतो. प्रत्येक जिममध्ये, प्रत्येक तालमीत दुखापतींची वही असावी. कोणाला, कोणत्या व्यायामाने, काय झाले, एवढे तीत लिहावे. ज्याने औषध घेतले आहे त्याला हाकलू नये, कारण हाकलला की तो विकणाऱ्याच्याच दारी जातो. शिकवणाऱ्याला ठरलेला पगार आणि आजारपणाची रजा मिळावी, आणि बाटल्या विकण्याचे काम त्याच्या हातून काढून घ्यावे. स्पर्धा भरवणाऱ्यांनी मंचावर बक्षीस ठेवताना तपासणीचा खर्चही ठेवावा.

आणि तालमीतल्या वडीलधाऱ्या वस्तादांना आमची हात जोडून विनंती आहे. मुलगा तीन महिन्यांत दुप्पट झाला, तर त्याची पाठ थोपटण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचारा, "बाळा, काय घेतोस? कुठे दुखते?" रागावू नका, फक्त विचारा आणि ऐका. आमचा अनुभव असा की मुले बोलायला तयार असतात, त्यांना विचारणारे कोणी भेटत नाही.